तुकडे बरोबर, सांधा चुकला
मोठे सॉफ्टवेअर कसे बांधतात आणि बांधून घेताना व्यापाऱ्याने काय पाहावे

काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर मुद्दाम बनवून घेतले. बिले एका भागात, गोदामातला साठा दुसऱ्या भागात आणि रंगाईला गेलेला माल तिसऱ्या भागात, अशी त्याची मांडणी होती. तिन्ही भाग तीन वेगवेगळ्या मुलांनी लिहिले. प्रत्येकाने आपापला भाग आमच्यासमोर चालवून दाखवला, आम्ही खूष होऊन पैसे चुकते केले. तिसऱ्या महिन्यात साठ्यात साडेतीनशे मीटर कापड कमी दिसू लागले. गोदाम सांभाळणारे चाचा आमच्याकडे वीस वर्षे होते. पण संगणक खोटे बोलत नाही, असा आमचा समज. आम्ही चाचांकडे शकाने पाहू लागलो. तोंडाने काही बोललो नाही, पण किल्ल्या मात्र काढून घेतल्या.

पुढे खुलासा झाला तो असा. शंभर मीटर कच्चे कापड रंगाईला पाठवले की आटून शहाण्णव मीटरच्या आसपास परत येते, हे आपल्या धंद्यात पोरालाही ठाऊक असते. रंगाईच्या भागात ही घट बरोबर लिहिली जात होती. साठ्याच्या भागात मात्र जितके गेले तितकेच परत यावे, असे धरलेले होते. घटीचा आकडा एका भागाने दुसऱ्याला कळवायचा हे कोणीच ठरवले नव्हते. कापड चोरीला गेले नव्हते, ते दोन भागांच्या मधल्या सांध्यात हरवले होते. आम्ही चाचांची माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनाने ती दिली. पण ते दोन महिने आम्हांला परत देता येत नाहीत.

या तजुर्ब्यानंतर आम्ही हा विषय समजून घेण्याचा प्रयत्न केला. मोठमोठ्या इंजिनिअरांनी याच दुखण्यावर एक शास्त्र उभे केले आहे. त्याला ते सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणतात. त्याची मोटामोटी ओळख आज आपण करून घेऊ.

हे शास्त्र कोठून आले?

अमेरिकेतील बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळांत १९४० च्या दशकात हे नाव रूढ होऊ लागले. टेलिफोनचे यंत्र उत्तम, तार उत्तम, एक्स्चेंजही उत्तम. तरी या गावाचा आवाज त्या गावाला पोचला नाही तर गिऱ्हाइकाला सगळे फुकट. म्हणून एकेका वस्तूचा नव्हे, तर सगळ्या व्यवस्थेचा एकत्र विचार करणारी माणसे लागली. पुढे १९५० च्या दशकात क्षेपणास्त्रांच्या कामात या पद्धतीला शिस्त आली.

सॉफ्टवेअरवाल्यांना ही गरज थोडी उशिरा कळली. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने एक परिषद भरली. मोठी सॉफ्टवेअरे वेळेत होत नाहीत, ठरलेल्या पैशात होत नाहीत आणि झाली तर भरवशाची नसतात, ही तिथली मुख्य तक्रार होती. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड कामाची धुरा वाहिलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकात एक कडवट निष्कर्ष मांडला: उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली तर उशीर आणखी वाढतो.

हे ऐकून आपल्याला नवल वाटते. ऑर्डर मागे पडली की आपण माग वाढवतो आणि माल निघतो. मग इथे उलटे का? कारण एक माग दुसऱ्या मागाशी बोलत नाही, सॉफ्टवेअरचे भाग मात्र एकमेकांशी बोलतात. हिशेब करून पाहा. पाच भागांत प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध आला तर १० सांधे होतात. दहा भागांत ४५ होतात आणि वीस भागांत १९०. भाग चौपट झाले, पण सांधे एकोणीसपट झाले. काम करणाऱ्या माणसांचेही तेच. इंग्रजीत ज्याला इंटरफेस म्हणतात त्याला आम्ही येथे सांधा म्हणत आहोत. गुंतागुंत तुकड्यांत कमी आणि सांध्यांत जास्त असते. तुकड्याला लिहिणारा असतो, पण सांध्याला नेमून दिला नाही तर कोणी वाली नसतो.

जुना नमुना, नवे यंत्र

४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामध्ये कुरू येथून युरोपचे नवे रॉकेट आरियान-५ पहिल्यांदाच उडाले. त्यात चार वैज्ञानिक उपग्रह होते. चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट वाकडे झाले, मोडू लागले आणि स्वतःला नष्ट करून बसले.

चौकशीत जे निघाले ते प्रत्येक कारखानदाराने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रॉकेटची दिशा व गती मोजणाऱ्या यंत्राचे सॉफ्टवेअर आधीच्या आरियान-४ मधून जसेच्या तसे उचलले होते. तिथे ते बिनतक्रार चालले होते. पण नवे रॉकेट सुरुवातीलाच आडव्या दिशेने पुष्कळ वेगाने जात होते. या वेगाशी निगडित एक मोठी संख्या सॉफ्टवेअर लहान खणात ठेवू पाहत होते. त्या खणात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. संख्या मोठी झाली आणि यंत्र बंद पडले. जोडीला राखीव यंत्र होते, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर. ते तर क्षणभर आधीच बंद पडले होते. बंद पडताना यंत्राने बिघाडाची जी माहिती पाठवली, ती मुख्य संगणकाने उड्डाणाची खरी माहिती समजून वापरली आणि रॉकेट जोरात वळवले.

आणखी दोन गोष्टी. ज्या हिशेबात ही चूक झाली, त्या हिशेबाची नव्या रॉकेटला उडाल्यानंतर गरजच नव्हती. जुन्याची सवय म्हणून तो चालू राहिला. आणि अशा धोक्याच्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते, तीन तशाच सोडल्या होत्या. नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे घालून ही व्यवस्था आधी एकत्र चालवून पाहिली असती, तर चूक जमिनीवरच सापडली असती.

एका मागाची फणी दुसऱ्या मागाला चालेलच असे आपण धरत नाही, मोजून पाहतो. "तिकडे चालले म्हणजे इकडेही चालेल" हे वाक्य सॉफ्टवेअरमध्येही तितकेच महाग पडते. राखीव ठेवायचे तर तेही वेगळ्या घडणीचे असावे. एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या म्हणजे दोन कुलपे नव्हेत.

वार की मीटर?

दुसरी घटना तर थेट आपल्या धंद्यातली वाटावी. दहा हजारांचा सौदा झाला; एकाच्या मनात वार, दुसऱ्याच्या मनात मीटर. दहा हजार वार म्हणजे ९,१४४ मीटर. ८५६ मीटरचे भांडण तयार.

अमेरिकेच्या नासा संस्थेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाकडे निघाले. वाटेत त्याचा तोल सांभाळण्यासाठी लहान इंजिने अधूनमधून पेटवली जात. त्यांचा धक्का किती बसला हे यान बनवणाऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर पाउंडाच्या मापात लिहीत होते. मार्ग ठरवणारी नासाची मंडळी तो आकडा मेट्रिक, म्हणजे न्यूटनच्या मापात आहे असे समजून वापरत होती. दोन मापांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. दर वेळी थोडी थोडी चूक साचत गेली. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाजवळ पोचले तेव्हा ते सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचे होते. प्रत्यक्षात ते सुमारे ५७ किलोमीटरवर आले आणि कायमचे गेले.

सांध्याच्या कागदावर मेट्रिक माप स्पष्ट लिहिलेले होते! करार होता, पण सॉफ्टवेअर त्या कराराप्रमाणे आहे की नाही हे कोणी नीट तपासले नाही. शिवाय मार्ग पाहणाऱ्यांना आकडे जुळत नसल्याची शंका आली होती. ती तोंडी आणि पत्रापत्रीत राहिली, रीतसर नोंदली गेली नाही आणि तिचा निकाल लागला नाही. म्हणजे सांधा लिहून ठेवणे हे अर्धे काम झाले. त्यावर दोन्ही बाजूंना एकत्र बसवून एक खरा आकडा इकडून तिकडे पाठवून पाहणे, हे उरलेले अर्धे.

सुटलेला सांधा आणि तरीही सुखरूप

आता चांगले उदाहरण पाहू. २० जुलै १९६९ रोजी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरत असताना यानाच्या संगणकाने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला. मग पुन्हा दिला. पुढे १२०१ आला. अर्थ असा, की काम फार झाले, सगळे करणे मला जमत नाही.

येथेही चूक सांध्यातलीच होती. एका रडारचा आणि संगणकाचा वीजपुरवठा एकाच गतीचा असावा, हे कागदावर लिहिले होते. दोघांनी पाऊल एकाच क्षणी टाकावे, हे लिहायचे राहिले होते. त्यामुळे रडारकडून संगणकाला निरर्थक धक्के येत राहिले आणि त्याचा बराच वेळ फुकट जाऊ लागला. तरीही यान उतरले. का? कारण बनवणाऱ्यांनी आधीच विचार केला होता, की काही ना काही सुटणारच. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटीच्या प्रयोगशाळेत, जिथे मार्गारेट हॅमिल्टन यांनी सॉफ्टवेअरच्या कामाचे नेतृत्व केले, प्रत्येक कामाला महत्त्वाचा क्रम दिलेला होता. ओझे वाढले की संगणक कमी महत्त्वाची कामे टाकून देई, स्वतःला सावरून पुन्हा सुरू होई आणि यान उतरवण्याचे काम चालू ठेवी. या संगणकाची बदलती स्मृती अवघी २,०४८ शब्दांची होती, हे लक्षात घ्यावे.

माणसेही तयार होती. काही दिवस आधीच्या सरावात असाच इशारा मुद्दाम दिला गेला होता आणि गडबडीत उड्डाण सोडून देण्याचा चुकीचा निर्णय झाला होता. त्यावर जॅक गारमन या तरुण इंजिनिअरकडून प्रत्येक इशाऱ्याची यादी लिहवून घेण्यात आली. खऱ्या प्रसंगी ती यादी समोर होती. "पुढे चला" असे काही सेकंदांत सांगता आले. यंत्र, सॉफ्टवेअर आणि ते वापरणारा माणूस मिळून एक व्यवस्था होते, हे या शास्त्राचे सार त्या यादीत दिसते.

माणूसच गुन्हेगार ठरतो तेव्हा

रॉकेट पडले तर पैसा जातो. पण आमच्या चाचांसारख्या माणसांचे काय होते, ते ब्रिटनच्या टपाल खात्याच्या प्रकरणात जगाने पाहिले. तिथे पुष्कळ छोटे दुकानदार आपल्या दुकानातच कराराने टपाल कचेरी चालवतात. आपल्या उपखंडातून तिकडे गेलेली कुटुंबेही त्यांत आहेत. १९९९ पासून या सगळ्या कचेऱ्यांत होरायझन नावाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवण्यात आले. दुकानातील संगणक, मध्ये तार, पलीकडे मध्यवर्ती यंत्रणा, असा हा लांब पसारा होता. अनेक ठिकाणी रोकड कमी दिसू लागली. दुकानदार सांगत, आम्ही पैसे घेतले नाहीत. उत्तर मिळे, संगणक चुकत नाही. कित्येकांनी पदरचे पैसे भरले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले आणि काहींना तुरुंगवास झाला.

पुढे ५५५ दावेदार न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की या सॉफ्टवेअरमध्ये अशा चुका होत्या ज्यांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू शकत होती. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकाच निकालात ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शेकडो जणांना एकदम दोषमुक्त केले. तोवर कित्येकांची दुकाने आणि घरे गेली होती.

यातला धडा फक्त इंजिनिअरांसाठी नाही. ज्या व्यवस्थेत "हा आकडा चूक आहे" असे म्हणण्याची वाट नसते आणि आकडा कसा बनला हे पायरीपायरीने दाखवता येत नाही, ती व्यवस्था अपुरी आहे. मग तिचे प्रत्येक कलम कितीही सुबक लिहिलेले असो.

कामाची खरी रीत

या शास्त्राची रीत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकृतीने शिकवतात. डाव्या बाजूने खाली उतरायचे: आधी गरजा लिहायच्या, मग संपूर्ण व्यवस्थेचा आराखडा, मग भाग आणि सांधे, आणि तळाशी प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. मग उजव्या बाजूने वर चढायचे: आधी एकेका भागाची परीक्षा, मग सांध्यांची, मग संपूर्ण व्यवस्थेची, आणि शेवटी वापरणाऱ्याच्या हाती देऊन. डावीकडच्या प्रत्येक पायरीसमोर उजवीकडे एक परीक्षा असते. गरज लिहितानाच ती पुरी झाली हे कशावरून ओळखायचे, तेही लिहायचे.

येथे दोन वेगळे प्रश्न आहेत. सांगितल्याप्रमाणे बनले का, हा एक. आणि जे सांगितले तेच आपल्या कामाचे होते का, हा दुसरा. आमच्या सॉफ्टवेअरचा प्रत्येक भाग पहिल्या प्रश्नात पास झाला असता. दुसऱ्यात आम्हीच नापास झालो, कारण घटीची गोष्ट इतकी रोजची होती की सांगायची असते हे आमच्या लक्षातच आले नाही. कसूर फक्त त्या मुलांचा नव्हता.

एक गोष्ट इमानदारीने सांगितली पाहिजे. सगळ्या गरजा पहिल्या दिवशी कोणालाच कळत नाहीत. म्हणून आज जाणकार लोक थोडे थोडे बनवतात. मात्र थोडे बनवायचे ते आरपार बनवायचे. आधी सगळी बिले, मग सगळा साठा असे न करता एकच तागा घ्यावा. तो खरेदीपासून रंगाई, साठा, बिल, परत माल आणि जमाखर्चापर्यंत पूर्ण फिरवून पाहावा. सांधे पहिल्याच महिन्यात उघडे पडतात. तेव्हा दुरुस्ती स्वस्त असते.

आपण काय करावे?

साध्या दुकानाला बाजारात मिळणारे तयार सॉफ्टवेअर पुरते. मुद्दाम बनवून घेण्याच्या फंदात पडू नये. पण ज्यांचे काम अनेक हातांतून जाते, सायझिंग, विणकाम, रंगाई, शिलाई, दलाल, त्यांना कधी ना कधी ते बनवून घ्यावे लागते. त्यांनी इतके तरी करावे:

१. काम देण्याआधी गरजांचा कागद आपल्या भाषेत लिहावा. प्रत्येक गरजेला क्रमांक द्यावा आणि समोर तिची परीक्षा लिहावी. आपल्या मुकादमाला, गोदामवाल्याला आणि मुनीमजींना तो वाचून दाखवावा. सुटलेली गोष्ट तेच सांगतील.

२. प्रत्येक सांध्याचा वेगळा कागद करावा: कोण देणार, कोण घेणार, कोणत्या मापात, कधी, आणि आकडा आला नाही तर काय. वार, मीटर, तागा, किलो, डझन हे शब्द गृहीत धरू नयेत.

३. सगळ्या सांध्यांचा एक जबाबदार माणूस नेमावा. तीन ठेकेदार आणि मालक कोणीच नाही, असे होऊ देऊ नये.

४. बदलांची वही ठेवावी. कराचा दर बदलला किंवा नवे गिऱ्हाईक नव्या पद्धतीने माल मागू लागले, तर कोणत्या भागावर परिणाम होईल हे तपासल्याशिवाय बदल करू नये.

५. वीज गेली, नेट बंद पडले किंवा चुकीचा आकडा टाकला, तर काय होते हे मुद्दाम करून पाहावे. काय बंद पडले तरी चालेल आणि काय चालूच राहिले पाहिजे, हे आधी ठरवावे.

६. महिनाभर जुन्या वह्या आणि नवे सॉफ्टवेअर सोबत चालवावे. शेवटचा हप्ता त्या महिन्याचा ताळा जुळल्यावरच द्यावा, असे करारात लिहावे.

७. तूट दिसली तर आधी सांधे तपासावेत, माणूस नंतर.

मोठी कापडपेढी ही स्वतःच एक गुंतागुंतीची व्यवस्था आहे. सूत एकाचे, बीम दुसऱ्याचे, माग तिसऱ्याचे, रंग चौथ्याचा. बीमवरच्या तारा मागाच्या फणीला जुळल्या नाहीत तर बीमवाल्याचा आणि विणकराचा दोघांचाही इमानदारपणा उपयोगी पडत नाही. म्हणून आपले वडीलधारे माल हातातून सोडण्याआधी चिठ्ठीवर तारा, पन्हा, लांबी आणि घट लिहून घेत. ते इंजिनिअर नव्हते, पण सांधा ओळखत होते. संगणक आला म्हणून ती चिठ्ठी आपण सोडून दिली, हीच आमची चूक झाली. आपल्या गोदामात चाचांसारखा कोणी असेल, तर त्याच्याकडून किल्ल्या मागण्याआधी ती चिठ्ठी शोधावी.